काळ्या प्लगची साक्ष

मंडळी, इंजिनमध्ये ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काळा दिसला की लगेच पॉलिश पेपर शोधू नका. आधी दोन मिनिटं तो उजेडात धरून नीट बघा. माझं सगळं सांगणं एवढ्याचसाठी आहे.

समोर चेतक चालवलेली बरीच मंडळी दिसतायत. स्कूटर आडवी करायची, मग किक. डिकीत जास्तीचा प्लग आणि प्लगपाना ठेवल्याशिवाय कोणी घाट चढत नसे. तिचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यात तेल पेट्रोलबरोबरच जळतं. जे जळत नाही ते प्लगवर बसतं. आता स्कूटर गेल्या, पण तेच इंजिन ग्रासकटर होऊन आपल्या बागांत आलंय.

पाऊस सरल्यावर आमच्या वाडीतले एक काका ग्रासकटर घेऊन आले. कलमांची बेणणी, म्हणजे गवत काढणं, अर्ध्यावर आणि मशीन दर तासाला बंद. आठवड्यात तिसरा प्लग. उघडून बघितला तर टोकाला डांबरासारखी ओली काजळी, चिनी मातीच्या पांढऱ्या भागावर पॉलिश पेपरचे ओरखडे. विचारलं, "काका, तेल कसं मोजता?" त्यांनी खिशातून बूच काढलं. "लिटरला तीन बुचं. आणि एक वर, मशीनला कमी पडायला नको." सिरिंजने मोजलं, बूच १५ मिलीचं निघालं. म्हणजे लिटरला ६० मिली! टाकीवर १:५० लिहिलेलं, म्हणजे २० मिली पुरे. काकांची माया खरी होती हो. पोटच्या पोरासारखं जपत होते मशीनला. त्या मायेनेच प्लग गुदमरत होता.

काजळीतून वीज वाहते. मग ती गॅपवरून, म्हणजे टोकाच्या फटीवरून, उडी कशाला मारेल? काजळीवरूनच प्लगच्या धातूच्या अंगाला उतरते, ठिणगी पडतच नाही. प्लगचं टोक साधारण ५०० अंशांवर तापलं तर काजळी आपोआप जळते. तासन्‌तास मंद चालवलं, हवा कमी करणारा चोक ओढलेला राहिला, की टोक थंड आणि काजळी तशीच. कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर बघा, ओली असेल तर तेल मोजा. फिकट तपकिरी रंग आला तर इंजिनची तब्येत चांगली.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, तर साफ करायचं भरभर सांगतो. इंजिन थंड होऊ द्या. प्लगवरची वायरची कॅप काढा, प्लगभोवतीची माती फुंकून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. मगच प्लग खोला. पेट्रोलमध्ये भिजवून पितळी ब्रशने हलकेच घासा. आतल्या खाचेतली काजळी लाकडी काडीने काढा. पॉलिश पेपर नको, त्याचे कण खाचेत अडकतात आणि पुढे इंजिनमध्ये पडतात. पूर्ण वाळवा. गॅप बहुतेक मशीनना ०.६ ते ०.७ मिमी लागते, तरी पुस्तिका बघा. चिनी मातीला तडा असेल तर प्लग टाकूनच द्या. बसवताना हाताने शेवटपर्यंत फिरवा. वॉशरवाला जुना प्लग असेल तर त्यापुढे पान्याने जेमतेम अष्टमांश फेरी. जोर लावलात तर हेडचे आटे जातील.

बाहेर मंडपात मशीन आणलंय. ज्यांनी आपले प्लग आणलेत त्यांनी तिकडे या, एकेक बघू.