अब्बान, बंदर आणि सोमाली माणूस

आवाज मागपर्यंत येतोय ना? बरं. तर पत्रिकेत विषय छापलाय 'सोमाली इतिहासात किनाऱ्यावरच्या व्यापारी समाजांचं स्थान', आणि माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर वेळ कमी पडला तरी हुकणार नाही. सोमाली माणूस म्हणजे उंट घेऊन फिरणारा पशुपालक, हे चित्र खोटं नाहीये पण अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं बंदरांवर घडलं. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर सगळ्यात लांब किनारा ज्या देशाला आहे, 3,000 किलोमीटरच्या वर, त्या देशाची ओळख सांगताना समुद्र येतो तो फक्त चाच्यांपुरता. आपल्या मुंबईत तर जास्तच. 2011 मध्ये नौदलाने पकडलेले शंभराच्या वर सोमाली चाचे मुंबईत आणले, यलो गेट पोलीस स्टेशन बातम्यांत आलं, 2024 मध्ये आयएनएस कोलकाताने परत 35 जण आणले, आणि आपल्या डोक्यात सोमालिया म्हणजे तेवढंच बसलं. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण आपलं आणि त्यांचं नातं दोन हजार वर्षांचं आहे आणि ते गिऱ्हाइकाचं आणि व्यापाऱ्याचं आहे.

तुम्ही कल्याणची माणसं, तुम्हाला 'पेरिप्लस' नवीन नाही. पहिल्या शतकातलं ग्रीक व्यापाऱ्याचं टिपण, त्यात कल्याण आहे, चौल आहे, सोपारा आहे. आपण आपली नावं वाचतो, छाती फुगवतो आणि पुस्तक मिटतो! त्याच्याच आधीची पानं वाचा. तिथे सोमाली किनाऱ्यावरचं मलाओ आहे, म्हणजे बहुतेकांच्या मते आजचं बरबेरा, ओपोने आहे म्हणजे हाफून, आणि या बंदरांवर माल कुठून येतो तर भडोचहून आणि आरियाकाहून, म्हणजे गुजरात आणि उत्तर कोकणाच्या आसपासचा किनारा. काय काय येतं तर गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि उसापासून केलेला गोडवा. अख्खं वाणसामान! आणि तिकडून काय, तर ऊद आणि हिराबोळ. ज्या घरात बाळंतीण असते त्या घराला हिराबोळ माहीत असतो, हसताय म्हणजे माहीत आहे. त्याचं झाड सोमालियाच्या कोरड्या डोंगरांत होतं, खाली बंदरावर येतं आणि मग जहाजात बसतं. डोंगरातला चीक गोळा करणारा पशुपालक आणि बंदरातला व्यापारी, दोघं नसतील तर तो हिराबोळ इथपर्यंत येतच नाही. आणि एक गंमत, रोमन लोकांना कित्येक वर्षं वाटायचं की दालचिनी याच किनाऱ्यावर पिकते. बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की दालचिनी पूर्वेकडूनच यायची, फक्त मधल्या व्यापाऱ्यांनी कुठून येते ते सांगितलं नाही. व्यापारात हे असतंच, इथे दुकानदार मंडळी बसलीयत त्यांना समजावून सांगायला नको.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. इब्न बतूता, मोरोक्कोचा प्रवासी, 1331 मध्ये मोगादिशूला पोचला. जहाज बंदरात शिरलं की काय होतं ते त्याने लिहून ठेवलंय. किनाऱ्यावरून छोट्या होड्या निघतात, प्रत्येकीत तरुण पोरं, प्रत्येकाच्या हातात झाकलेलं ताट, आणि जहाजावर चढून प्रत्येक जण एकेका व्यापाऱ्यासमोर ते ताट ठेवतो आणि म्हणतो, हा माझा पाहुणा. झालं, तो व्यापारी आता त्या पोराच्या घरी उतरणार, दुसरीकडे जायचं नाही, त्याचा माल तो घरवाला विकणार, त्याच्यासाठी खरेदी तोच करून देणार, आणि त्याला सोडून परस्पर कोणी सौदा केला तर तो सौदा ते धरतच नाहीत. आपल्या मार्केट यार्डातला अडत्या आठवला असेल तुम्हाला, पण हा त्याच्या पुढचा प्रकार, कारण तो पाहुण्याला घरात घेतो आणि त्याच्यासाठी जबाबदार राहतो.

तर एक पोरगा इब्न बतूतापाशीही ताट घेऊन आला. जहाजावरचे लोक म्हणाले अरे हे व्यापारी नाहीत, हे फकीह आहेत, धर्मशास्त्री. त्याबरोबर पोराने हाक मारून सांगितलं, हे काझींचे पाहुणे! मग काझी स्वतः किनाऱ्यावर आला आणि त्याला घेऊन सुलतानाच्या वाड्याकडे गेला. आता ऐका हं, सुलतानाकडून काय आलं तर ताटात विड्याची पानं आणि सुपारी, आणि वर गुलाबपाणी. मोगादिशूत, 1331 साली, विड्याची पानं! आणि मग तीन दिवस जेवण. तुपात शिजवलेला भात मोठ्या लाकडी ताटात, त्यावर कोंबडी, मटण, मासे, भाज्या, बाजूला दुधात शिजवलेली कच्ची केळी, आणि एका वाडग्यात आंबट दूध, त्याच्याबरोबर लिंबाचं लोणचं, खारवलेली मिरी, ओलं आलं आणि आंबा. हा मेनू कुठल्या घरातला वाटतो सांगा? (सभागृहात हशा) पुढे तो असंही लिहितो की इथला एक माणूस आमच्यातल्या बऱ्याच जणांइतकं जेवतो आणि लोक चांगले जाडजूड आहेत, म्हणजे बंदर खाऊनपिऊन सुखी होतं. रोज शेकड्यांनी उंट कापले जायचे म्हणतो तो. म्हणजे उंट कुठून आले? आतल्या मुलखातून. बंदर आणि उंट हे वेगळं करताच येत नाही, हेच मला सांगायचंय. आणि इथलं कापड इजिप्तला जायचं.

दुसरं त्याच प्रवासवर्णनात आहे ते जास्त महत्त्वाचं. सुलतान मूळचा बर्बर, म्हणजे तेव्हाचे अरब त्या किनाऱ्यावरच्या लोकांना ज्या नावाने ओळखायचे त्यातला, आणि बोलतो मकदिशी, म्हणजे मोगादिशूची भाषा, अरबी मात्र येते त्याला. आणि आपण नंतर किती ठिकाणी वाचतो की ही शहरं बाहेरून आलेल्या अरब-इराण्यांची, सोमाली लोकांचा त्यात संबंध नाही! अरे, बाहेरून आलेले होतेच, मोगादिशूतल्या घराण्यांच्या वंशावळी अरबस्तान-इराणपर्यंत जातात, फख्रुद्दीन मशीद 1269 ची आहे, पण शेकडो वर्षं लग्नं झाली, तिथलीच भाषा आली, मग ते बाहेरचे कसे राहिले?

आता हे हा-माझा-पाहुणा प्रकरण, अशा यजमानाला पुढे अब्बान म्हणायचे, ते उत्तरेला बरबेराच्या जत्रेतही दिसतं. ऑक्टोबर ते एप्रिल, ईशान्य मोसमी वाऱ्याच्या जोरावर पोरबंदर, मांडवी, मुंबईहून बनियांची जहाजं यायची, चटयांच्या झोपड्यांचं गाव उभं राहायचं, आतून उंटांचे तांडे यायचे, आणि एप्रिल संपता संपता सगळं ओस. प्रत्येक परक्या व्यापाऱ्याला कुठल्या तरी सोमाली कुळातला अब्बान लागायचाच, त्याच्याशिवाय जिवाची आणि मालाची हमी नाही. त्यावरून कुळांत भांडणं व्हायची, अब्बान पैसे जास्त मागतो म्हणून व्यापारी कुरकुरायचे, पण राज्य नाही, पोलीस नाही, कोर्ट नाही आणि तरी हजारो लोकांचा बाजार चालतो. मला वाटतं सोमाली समाजाने जगाला दाखवलेल्या मोठ्या गोष्टींपैकी ही एक आहे, आणि ती बंदरावर तयार झाली.

अल्बुकर्कचं सांगतो, गोवा घेणारा पोर्तुगीज, तो आपल्याकडचा म्हणून. वास्को द गामाने 1499 मध्ये परतताना मोगादिशूवर तोफा डागल्या होत्याच, मग 1507 मध्ये त्रिस्ताव द कुन्याच्या आरमाराने मोगादिशूच्या खालचं बरावा बंदर लुटून जाळलं, त्या आरमारात अल्बुकर्क होता, आणि तीन वर्षांनी तोच गोव्यात. मोगादिशू मात्र पोर्तुगीजांना कधी घेता आलं नाही. अजून एक, 1884 ते 1898 ब्रिटिश सोमालीलँडचा कारभार एडनहून चालायचा, आणि एडन मुंबई इलाख्यात. दक्षिणेत इटालियन होते, त्यांनी 1905 मध्ये बनादिरची, म्हणजे मोगादिशूच्या पट्ट्यातली, बंदरं झांझिबारच्या सुलतानाकडून 1,44,000 पौंडांना विकत घेतली आणि तिथे चलन काय काढलं तर रुपिया, 1909 पासून 1925 पर्यंत! समुद्रापलीकडे आपला रुपया इतका मुरलेला होता.

(चिठ्ठी आली) दहा मिनिटं? दहाच? बरं, मग मुख्य मुद्दा पटपट घेतो, माफ करा.

बनादिर म्हणजे मोगादिशू, मर्का, बरावा हा पट्टा. मोगादिशूत हमरवैन आणि शंगानी या जुन्या वस्त्या, तिथले ते रेर हमर. बरावाचे लोक चिम्विनी बोलतात, ती स्वाहिलीची बहीण, आणि त्यातच दादा मसितींनी भक्तीची कविता रचली (दादा असलं तरी हे बाईंचं नाव आहे हं). शेख उवैस अल-बरावी याच बरावाचे, कादिरिया हा सूफी पंथ त्यांनी आतल्या मुलखात पोचवला, 1909 मध्ये इंग्रजांशी लढणाऱ्या दरवेश चळवळीतल्या लोकांनी त्यांना मारलं. म्हणजे धर्म, कापड, कविता हे सगळं बंदरातून आत जात होतं. किस्मायोच्या खाली बाजुनी कोळी, त्यांच्यासाठी वेगळं व्याख्यान पाहिजे.

स्वातंत्र्याची चळवळ पण बघा. 15 मे 1943 ला मोगादिशूत 13 तरुणांनी सोमाली यूथ क्लब काढला, पुढे त्याची यूथ लीग झाली, आणि तिचे एक मोठे अध्यक्ष हाजी मोहम्मद हुसेन हे रेर हमर. म्हणजे राष्ट्राची कल्पना जिथे वाढली ती जागा बंदर होती. पण 1960 नंतर राष्ट्राची गोष्ट सांगताना उंट, कुरण आणि भाल्यावरची कविता एवढंच पुढे आलं, बंदराची माणसं जणू पाहुणी.

आणि याची किंमत 1991 मध्ये मोजावी लागली. हुकूमशहा सियाद बर्रे पडला, प्रत्येक मोठ्या कुळाकडे बंदुका होत्या, बनादिरी लोकांकडे दगडी घरं होती, दुकानं होती, सोनं होतं आणि लढणारी फौज नव्हती. हमरवैन घराघरांतून लुटलं गेलं, बायकांवर अत्याचार झाले, लोक होड्यांतून मोंबासाला पळाले, काही होड्या वाटेत बुडाल्या. शेकडो वर्षं ज्या शहरात परक्याला कुणीतरी 'हा माझा पाहुणा' म्हणत होतं तिथे या शहरवासीयांसाठी उभं राहणारं फार कोणी नव्हतं. मला हे वाचताना अजून राग येतो, मी लपवत नाही.

शेवटचं. 2000 मध्ये शेजारच्या जिबूतीत आर्ता इथे जी सोमाली शांतता परिषद झाली तिथे सत्तावाटपाचं साडेचारचं सूत्र स्वीकारलं गेलं. चार मोठ्या कुळांना एकेक वाटा आणि बाकी सगळ्यांना मिळून अर्धा. त्या अर्ध्यात बनादिरी, बरावावाले, बाजुनी, नदीकाठचे बांटू शेतकरी, सगळे. ज्यांनी मोगादिशू वसवलं ते मोगादिशूच्या संसदेत अर्ध्यातल्या अर्ध्यात. हे सूत्र तात्पुरतं म्हणून आलं होतं आणि अजून त्याच्यावरच भांडण चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे, त्यांना जागा द्यायची ती अल्पसंख्य म्हणून उपकारापोटी देऊ नये, शहराचे जुने मालक म्हणून द्यावी. हां, झालं माझं, आता प्रश्न घेऊ, बरबेराच्या जत्रेबद्दल कोणाला विचारायचं असेल तर आधी तेच विचारा, त्यातलं अजून बरंच राहिलंय.