क्रॉसला थांबवा की ओ

कागल सुटलं, कोगनोळीचा नाका मागं पडला की बोर्डांवरची लिपी बदलते, ते सगळ्यांनाच दिसतं, पण त्याच्यासोबत 'फाटा' पण हळूहळू गायब होतो. म्हणजे मेन रोडवरनं आत गावाकडं रस्ता फुटतो ना, कोल्हापूरकडं त्याला फाटा म्हणतात, इकडं बेळगावकडं क्रॉस. बसमधल्या मावशी पिशव्या गोळा करत उठतात आणि कंडक्टरला ओरडतात, "क्रॉसला थांबवा की ओ!" गावाचं नाव पण घेत नाहीत, कंडक्टरला बरोबर कळतं.

इंग्रजीत क्रॉस म्हणजे क्रूस, फुली, नाहीतर ओलांडणं. इथं मात्र पिरनवाडी क्रॉसला उभं राहून बघा, काय कशाला छेदतंय? खानापूर रोडवरनं जांबोटी, चोर्ल्याचा म्हणजे गोव्याचा रस्ता फुटतो, बस्स, फुलीबिली काही नाही. तरी क्रॉसच.

शहरात आलं की ह्याच शब्दाचा अर्थ परत वेगळा. १८९८ च्या प्लेगच्या आसपास बेंगळुरात मल्लेश्वरम, बसवनगुडी अशा आखीव वस्त्या उभ्या राहिल्या, तिथं सरळ रस्ता तो मेन आणि त्याला आडवा तो क्रॉस, दोघांना नंबर. तीच पद्धत आमच्या भाग्यनगर, सदाशिवनगरात दिसते. जुन्या बेळगावात गणपत गल्ली, कोनवाळ गल्ली, बोगारवेस, आणि नव्या भागात फस्ट क्रॉस, सेकंड क्रॉस, त्यामुळं पत्ता ऐकूनच कळतं माणूस जुन्या गावातला का नव्या वस्तीतला. गल्लीला नाव तरी असतं, क्रॉसला नुसता आकडा, मला तर आपली गल्लीच बरी वाटते.

१ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यावरनं अजून तोंडं वाकडी होतात, बोर्डावरनं भांडणं होतात, पण क्रॉसवरनं कोण भांडलेलं मी तरी ऐकलं नाही. कन्नड बोलणारा पण क्रॉस म्हणतो, मराठी बोलणारा पण.

सगळ्यात भारी म्हणजे लास्ट क्रॉस. हे पत्त्यात खरंच लिहितात. आता पुढं प्लॉट पडले, घरं झाली तरी जुना लास्ट तो लास्टच, आणि कुरिअरवाला फोनवर विचारतो, "लास्ट म्हणजे ह्याच्या आधीचा का नंतरचा ओ?"

"तू आहे तिथंच थांब की, मी येतो."