अजाइल टीमने पहाटे सहाला दूध डेअरीवर का जावं?

नमस्कार मंडळी!

आज अजाइलबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवत, दाखवत, सुधारत नेण्याच्या पद्धतीबद्दल बोलू, पण सुरुवात एका गावातल्या दूध संकलन केंद्रावरून.

त्या केंद्रासाठी आमची टीम मोबाइल अ‍ॅप बनवत होती. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, रोज स्टँडअप, म्हणजे उभ्याउभ्या छोटी बैठक, शेवटी डेमो. डेमोला संस्थेचे चेअरमन आणि सचिव यायचे, 'छान झालंय' म्हणायचे. बोर्डावरची कामांची कार्डं भराभर 'डन'मध्ये जायची.

मग एकदा पहाटे सहाला मी केंद्रावर जाऊन नुसता उभा राहिलो. दारापर्यंत किटल्यांची रांग. मशीनवर फॅट आलं ४.२. दूध घेणाऱ्या मुलाने फोन उचलला, तर समोर अक्षरांचा कीबोर्ड! आकड्यांसाठी दर वेळी तो बदलायचा. बोटं ओली, स्क्रीन दाद देईना. त्याने अंगठा पँटला पुसला, कसाबसा आकडा टाकला, तर 'सेव्ह'चं बटण कीबोर्डखाली झाकलेलं. मागून आवाज आला, "अरे आटप की!" त्याने फोन बाजूला ठेवला आणि वही ओढली. मला म्हणाला, "राहू द्या दादा, घरी गेल्यावर भरतो."

आमच्या डेमोत सगळ्यांचे हात कोरडे होते. आणि मागे रांग नव्हती.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा लिहिला गेला. त्यासोबतची १२ तत्त्वं एकदा सलग वाचा. ग्राहक पहिल्याच तत्त्वात भेटतो. वापरणारा येतो थेट आठव्यात, तेही कामाचा वेग सतत टिकवण्याच्या संदर्भात. कागदपत्रांच्या ओझ्याला कंटाळलेल्या त्या मंडळींना मी दोष देत नाही. पण ग्राहक म्हणजेच वापरणारा असं आम्ही धरून चाललो, आणि तिथेच फसलो. आमचे ग्राहक चेअरमन होते. अ‍ॅप वापरणार होता तो मुलगा.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं, की पाच जणांना वापरताना पाहिलं तरी वापरातल्या बहुतेक अडचणी दिसतात. आम्हाला एकाच माणसाने दहा मिनिटांत तीन दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी डेव्हलपर, डिझायनर आणि टेस्टर, तिघांनाही घेऊन गेलो. माझ्या मते खरं टीमवर्क त्या पहाटे सुरू झालं. एरवी 'हा बग की नवी मागणी' यावर आमचे तास जायचे. तो ओला अंगठा तिघांनी एकत्र पाहिला आणि वाद उरलाच नाही. परतताना डेव्हलपरने गाडीतच लॅपटॉप उघडला. थेट आकड्यांचा कीपॅड, मोठी बटणं, 'सेव्ह' वर. एवढंच.

पुढच्या स्प्रिंटनंतर परत गेलो. आता नोंद आधी फोनमध्ये होत होती, पण वही शेजारी उघडीच. विचारलं, "अजून वही कशाला?"

"रेंज गेली तर, दादा?"

सोमवारच्या बोर्डावर पहिलं कार्ड तेच लागलं: रेंज नसताना नोंद.