घरच्या संगणकासाठी एसएसडी निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

घरातला जुना संगणक सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेऊ लागला, की नवा संगणक घेण्याची बोलणी सुरू होतात. पुष्कळदा त्याची गरज नसते. आतली हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, बसवली, तर तोच संगणक आणखी काही वर्षे निमूटपणे काम करतो. मात्र दुकानात गेल्यावर आपली नजर जाते ती खोक्यावर ठळक छापलेल्या वेगाच्या आकड्याकडे, आणि माझ्या मते घरगुती वापरासाठी सर्वांत कमी उपयोगाचा आकडा तोच आहे.

हार्ड डिस्क मंद का असते, ते आधी पाहू. तिच्यात मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावरून मागेपुढे सरकत माहिती वाचणारे हेड असते. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत १० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. म्हणजे माहिती विखुरलेली असेल, तर सेकंदाला तिचे जेमतेम १०० तुकडे वाचून होतात. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो लहान लहान फाइली वाचाव्या लागतात. एसएसडीत फिरणारे किंवा सरकणारे काहीच नसल्यामुळे तोच तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात मिळतो. खरा लाभ हा आहे आणि तो अगदी साध्या एसएसडीतही मिळतो. खोक्यावरचा आकडा मात्र एकच अवाढव्य फाइल सलग वाचतानाचा असतो, आणि असे काम घरात क्वचितच निघते.

म्हणून पहिला प्रश्न वेगाचा नसून आपला संगणक काय स्वीकारतो याचा आहे. जुन्या संगणकांत साटा नावाची, हार्ड डिस्क जोडण्याचीच जोडणी असते. तिथे अडीच इंची एसएसडी बसते आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीच्या पुढे जात नाही, कारण ती मर्यादा जोडणीचीच आहे. नव्या मदरबोर्डवर, म्हणजे संगणकातल्या मुख्य पाटीवर, एम-टू नावाची खाच असते. तिच्यात च्युइंगमच्या पट्टीएवढी, बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब एसएसडी बसते. इथे एक खोच आहे. एम-टू हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकारात साटा एसएसडीही मिळते आणि एनव्हीएमई या नव्या पद्धतीने जोडली जाणारी, कितीतरी वेगवान एसएसडीही मिळते. खाच एका प्रकारची आणि एसएसडी दुसऱ्या प्रकारची असेल, तर कधी कधी ती बसते. पण संगणक तिची दखलच घेत नाही. तेव्हा मदरबोर्डची किंवा लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहिल्यावाचून, अगदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या जाणत्या दुकानदाराने आग्रह केला तरी, पैसे देऊ नयेत. लॅपटॉपच्या बाबतीत लांबीही तपासावी, कारण काही लॅपटॉपमध्ये ४२ मिलिमीटरचीच एसएसडी मावते.

क्षमतेविषयी थोडक्यात सांगतो. २५० जीबी लवकर भरते, ५०० जीबी बहुतेक घरांना पुरते आणि फोटो, चित्रफिती किंवा खेळ भरपूर असतील तर १ टीबी घ्यावी. १ टीबीच्या जागी विंडोज ९३१ जीबी दाखवते, तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नये; हा केवळ मोजण्याच्या दोन पद्धतींतला फरक आहे.

पैसे कुठे वाचवू नयेत, हे मात्र सविस्तर सांगायला हवे. एसएसडीतल्या एका सूक्ष्म कप्प्यात तीन बिट साठवले तर तिला टीएलसी म्हणतात, चार साठवले तर क्यूएलसी. एकाच कप्प्यात अधिक माहिती मावते म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते, पण चार बिटांसाठी त्या कप्प्यात विद्युतभाराच्या १६ पातळ्या ओळखाव्या लागत असल्याने ती लिहिताना रेंगाळते आणि लवकर झिजते. सुरुवातीचा वेग टिकावा म्हणून तिच्यात जलद साठवणीचा थोडा भाग राखून ठेवलेला असतो. तो भरला की खरी गती उघडी पडते. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ मालिकेतील १ टीबीच्या एसएसडीसाठी कंपनीनेच ही नंतरची लिहिण्याची गती सेकंदाला ८० एमबी दिली आहे, जी चांगल्या हार्ड डिस्कहूनही कमी आहे. ज्या एसएसडीवर विंडोज ठेवायचे, ती टीएलसीच असावी.

झिजण्याची धास्ती मात्र बाळगू नये. आयुष्यभरात किती लिहिता येईल हे टीबीडब्ल्यू या आकड्याने सांगतात आणि १ टीबीच्या अनेक टीएलसी एसएसडींना तो ६०० टीबी असतो. रोज २० जीबी लिहिले तरी वर्षाला ७.३ टीबीच होतात. म्हणजे ती मर्यादा गाठायला ८० वर्षांहून अधिक काळ लागेल. त्याआधी संगणकच अडगळीत जाईल. हमी मात्र पाच वर्षांची आहे की तीन, हे पाहून आणि पक्के बिल घेऊनच खरेदी करावी. अपरिचित नावाची, नवलाईच्या किमतीतली २ टीबीची एसएसडी टाळावी. अशा काही नकली वस्तूंत आत थोडीच जागा असते आणि संगणकाला मात्र खोटी क्षमता कळवली जाते.

वीज वारंवार जाणाऱ्या गावात डेस्कटॉपला यूपीएस असणे आवश्यक आहे. सर्व्हरच्या एसएसडींमध्ये वीज गेल्यावर चाललेले लिखाण पुरे करण्यासाठी थोडी वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर असतात. घरगुती एसएसडींमध्ये बहुधा ते नसतात. शिवाय हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळवता येते, तर एसएसडी पुसलेली जागा स्वतःच रिकामी करून टाकत असल्याने ती आशा फारशी उरत नाही. म्हणून काढलेली हार्ड डिस्क धडधाकट असेल, तर ती भंगारात न देता यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे संगणकाला बाहेरून जोडता येणाऱ्या डबीत, घालावी आणि घरच्या फोटोंची व कागदपत्रांची प्रत दर महिन्याला तिच्यावर उतरवून घ्यावी.