नळी जाड हवी, पण कुठे?

टेबलावर तीन नळ्या मांडल्या आहेत. डावीकडची व्हिएतनाम युद्धातल्या एम-16ए1 या अमेरिकी रायफलीची. अंगाने बारीक, म्हणून 'पेन्सिल'. मधली तिच्या 1980 च्या दशकातल्या सुधारित ए2 ची, उजवीकडची एम-4 या आखूड रायफलीच्या ए1 आवृत्तीची.

मधल्या नळीला कॅलिपर लावलाय. हॅण्डगार्डखाली, म्हणजे हाताने धरायच्या आवरणाखाली, सुमारे 16 मिलिमीटर. फोरसाइटच्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुणेच्या, पुढे 18 च्या वर. म्हणजे जाडी वाढवली, ती तोंडाकडे!

झालं असं की ए1 च्या नळीत, ती सरळ आहे का हे बघायला आत सोडतात ते गेज अडायचं. जवान रायफलीने पेट्या उचकटतात, म्हणून पुढचा भाग वाकतो, असं ठरलं. ए2 च्या प्रकल्पावरच्या लोकांनी पुढे सांगितलं ते वेगळंच. आता हे बोअरस्कोपचं, म्हणजे नळीच्या आत बघायच्या दुर्बिणीचं, चित्र. हे गॅस पोर्टचं छिद्र, नळीतला वायू बाहेर घेणारं. त्याच्या काठावर बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहिली, की गोळीच्या आवरणाचं तांबं तिथे खरवडून साचतं. गेज अडत होतं ते इथे. नळ्या सरळच होत्या. जाड तोंड मात्र कायम राहिलं. मागचा भाग बारीकच ठेवावा लागला, कारण एम-203 ग्रेनेड लाँचरची पकड तिथे बसते.

आता हिशेब. 5.56 मिलिमीटर गोळीची नळी बाहेरून 15 वरून 20 मिलिमीटर केली, तर वजन दुपटीच्या जवळ जातं, ताठपणा मात्र तिपटीहून जास्त वाढतो. व्यासाचा चौथा घात लागतो ना! पण हा फायदा मुळाशी, काडतूस बसतं त्या चेंबरकडे. टोकाला वाढवलेलं लोखंड म्हणजे नुसतं लोंबतं वजन. फ्लूट, म्हणजे लांबीने खाचा, पाडून ते कमी होतं, पण तेवढ्याच व्यासाच्या भरीव नळीइतका ताठपणा उरत नाही.

थर्मल कॅमेऱ्यात बघा, आधी काय उजळतं? चेंबरच्या पुढचे काही इंच. जाड नळी तापतच नाही, हा गैरसमज. तेवढ्याच गोळ्यांना ती कमी तापते, पण एकदा तापली की निवायलाही वेळ घेते. एम-4 ची सलग माऱ्याची मर्यादा मिनिटाला 12 ते 15 गोळ्यांची. जुलै 2008, अफगाणिस्तानातल्या वनात नावाच्या गावातली लढाई: मारा याच्या कितीतरी पुढे गेला, शस्त्रं तापून अडल्याच्या तक्रारी आल्या, नऊ अमेरिकी सैनिक गेले.

उजवीकडची नळी हॅण्डगार्डखालीही जाड आहे. लाँचरच्या पकडीसाठी दोन्ही बाजूंनी फक्त सपाट कापे दिलेत. ते आधीही देता आले असते.