करकर

रात्रीचे अडीच. पंख्याच्या घरघरीखाली आणखी एक आवाज. करर्र... करर्र... जात्यात खडा यावा तसा.

ज्याचे दात वाजताहेत तो गाढ झोपलाय. जागी आहे ती त्याची बायको. झोपेत दात खाणाऱ्याला स्वतःला ते बहुधा कळत नाही. सांगतं ते घरचं माणूस, नाहीतर सकाळी अवघडलेला जबडा आणि ठणकणारी कानशिलं.

पोर दात खायला लागलं की आजीचं निदान ठरलेलं: पोटात जंत झालेत. औषध पाजलं जातं, पुढे कधीतरी करकर थांबते आणि श्रेय औषधाला मिळतं. खरं तर बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात आपोआपच सुटते.

मोठ्यांची तशी सुटेलच असं नाही. जागेपणी दातओठ खायला निदान कुणीतरी समोर लागतं, झोपेत तेही लागत नाही. झोप क्षणभर उथळ होते आणि जबड्याचे स्नायू आवळतात. मनावरचा ताण, रात्रीची कॉफी, दारू, तंबाखू, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनी ते वाढू शकतं. सोबत जोरात घोरणं किंवा श्वास अडकणं असेल, तर आधी त्याची तपासणी.

यात झिजतं ते दातावरचं कवच, इनॅमल. हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी फार तर अडीच मिलिमीटर. मोडलेलं हाड सांधतं. इनॅमल गेलं ते गेलंच, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. मग थंड पाण्यानं सणक जाते, कडांचे टवके उडतात.

डेंटिस्टकडे दातांचं माप घेतात, प्लास्टरचा साचा करतात आणि त्यावर पारदर्शक, टणक ॲक्रिलिकचा नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं आवरण, बनतो. तो तोंडात बसवून रंगीत कागद चावायला देतात. ठसा गडद उमटेल तिथे घासायचं, पुन्हा चावायचं. गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार गार्डही मिळतात, पण त्यांत ही बारीक जुळवणी नसते. शिवाय मऊ गार्ड काही जण झोपेत चघळतच राहतात.

पहिल्या काही रात्री लाळ सुटते, तोंडात काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. सकाळी तो गार पाण्यानंच धुवायचा. गरम पाण्यानं आकार बिघडतो.

गार्डमुळे दात खाणं थांबेलच असं नाही. दातांऐवजी तो झिजतो, इतकंच. वापरून जुना झालेला हा गार्ड उजेडात धरलाय. दाढांच्या जागी खळगे, पुढे आडव्या रेघा, एका कोपऱ्यात तर आरपार भोक.

नवरा अजूनही विचारतो, "मी कुठे दात खातो?"

बायको डबी उघडून त्याच्यापुढे ठेवते.