माफीचा रविवार

रविवार, ८ सप्टेंबर १९७४. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड सकाळी सेंट जॉन्स चर्चमध्ये प्रार्थना करून आले आणि कॅमेऱ्यासमोर बसले. आधीचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी सत्तेत असताना केलेल्या साऱ्या गुन्ह्यांना त्यांनी संपूर्ण माफी देऊन टाकली. निक्सनवर अजून आरोपपत्रसुद्धा नव्हतं!

वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि तिची लपवाछपवी यात अडकून निक्सननी राजीनामा दिला आणि फोर्ड खुर्चीत आले, त्याला जेमतेम महिना झाला होता. तेही निवडून न येता. निक्सननीच त्यांना उपराष्ट्राध्यक्ष नेमलं होतं. त्यामुळे लोकांनी लगेच ताडलं, देवाणघेवाण झाली असणार. पसंतीचा आकडा ७१ टक्क्यांवरून ५० वर घसरला.

आता या गोष्टीत येतात ते जेरी टेरहॉर्स्ट. फोर्ड यांचे प्रेस सेक्रेटरी, मिशिगनमधले जुने पत्रकार, फोर्ड यांचे जुने स्नेही. त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून व्हिएतनामच्या लढाईत जायला नकार देणाऱ्या पोरांना माफी नाही आणि निक्सनना आहे, हे पत्रकारांना कोणत्या तोंडानं सांगायचं? या सगळ्या गोष्टीत मला हा माणूस सर्वांत मोठा वाटतो. त्याचं नाव मात्र आज फारसं कुणी घेत नाही.

फोर्ड यांचंही एक मान्य करायला हवं. ते लपून बसले नाहीत. १७ ऑक्टोबरला ते स्वतः काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, उपसमितीसमोर गेले, सौदा झाला का या प्रश्नाला तोंड दिलं, ठामपणे नाही म्हणाले. विद्यमान राष्ट्राध्यक्षानं असं जाऊन बसणं ही तिथंही दुर्मीळ गोष्ट. १९७६ च्या निवडणुकीत ते जिमी कार्टर यांच्याकडून थोडक्यात हरले. त्या पराभवात या माफीचा वाटा होता, असं बरेच जण मानतात.

पुढे वारं फिरलं. २००१ मध्ये केनेडी घराण्यानं फोर्डना धैर्याचा पुरस्कार दिला. एकेकाळी माफीवर तुटून पडलेले सिनेटर टेड केनेडीच तेव्हा म्हणाले, फोर्ड बरोबर होते.

मला अजून पटत नाही. देशाची जखम भरावी म्हणून माफी, असं फोर्ड सांगत. पण १ जानेवारी १९७५ रोजी निक्सनचे जवळचे सहायक हाल्डमन आणि अर्लिकमन, आणि माजी ॲटर्नी जनरल मिचेल याच वॉटरगेटच्या लपवाछपवीत दोषी ठरले. तिघंही तुरुंगात गेले. ज्यांच्यासाठी त्यांनी हे सारं केलं, ते साहेब कॅलिफोर्नियात बसून आत्मचरित्र लिहीत होते.